आत्याच्या परछीतली रेघ

माझ्या आयुष्यात मला सगळ्यात आधी ‘आपण’ म्हणणारी व्यक्ती म्हणजे माझी सख्खी आत्या. मी तेव्हा अर्ध्या चड्डीत होतो, नाक वाहत होतं आणि हातात आईनं पाठवलेला चिवड्याचा डबा होता. आत्या खुर्चीवर बसली होती. पुढ्यात टेबल, टेबलावर लोखंडी तराजू. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत ती म्हणाली, “आपलं काय काम आहे?”

मी मागं वळून पाहिलं. ‘आपण’ म्हणावं असं मागं कोणी नव्हतं. एक म्हातारा होता, पण त्याच्या काखेत बकरीचं पिल्लू होतं.

“चिवडा,” मी म्हणालो.

“टपालाचं काही?”

“नाही.”

“मग बाजूला उभे राहा. पुढचे.”

पुढचे म्हणजे तो म्हातारा. त्याला पोस्टकार्ड मिळालं, त्याचा एक कोपरा पिल्लाला मिळाला, आणि मी डबा पोटाशी धरून भिंतीला टेकलो. ही बाई आपली आत्या नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कोणी आहे, याची माझी खात्री पटत चालली होती. तेवढ्यात तिनं पेटीला कुलूप घातलं, चष्मा काढून डबीत ठेवला, जमिनीवरची एक पांढरी रेघ ओलांडली आणि माझा गालगुच्चा घेतला.

“काहून रे दिल्या, केव्हाचा आला? आणि असा भिंतीले चिकटून काहून उभा? जेवाचं आहे न?”

हा किस्सा मी आमच्या घराण्यातल्या प्रत्येक लग्नात सांगतो. दर वेळी ते पिल्लू थोडं मोठं होतं. माझी बायको वर्षा म्हणते, आता पुढच्या लग्नात ती म्हैस करून टाका, म्हणजे विषय संपेल.

सिंधूआत्या रायपूरजवळच्या बोइरडीह नावाच्या गावात शाखा डाकघर चालवायची. बोइर म्हणजे बोर. गावात बोरी पुष्कळ आणि बाकी सगळं बेताचंच. आमचे फुफाजी, म्हणजे तिचे यजमान (रायपूरच्या मराठी घरांत आतोबांना फुफाजीच म्हणतात), रेल्वेत होते. क्वार्टरात जीव घुसमटतो म्हणून त्यांनी या गावात खपरेलीचं, म्हणजे कौलारू, घर घेतलं आणि सायकलवरून ड्यूटी केली. आत्या भंडाऱ्याकडची मॅट्रिक. गावात तिच्याखेरीज मॅट्रिक झालेला फक्त शाळेचा मास्तर, आणि डाकघरही तोच पाहायचा. त्याची बदली झाली तेव्हा टपालाची पेटी कोणाच्या घरी ठेवायची असा प्रश्न पडला. छत्तीसगढीचा एक शब्द न येणारी ही ‘मराठिन’ पुढं आली. पुढं गावानं तिचं नाव ‘डाक-दाई’ ठेवलं. दाई म्हणजे आई.

खेड्यातलं डाकघर पोस्टमास्तरच्या स्वतःच्या घरातच असतं, जागा त्यानंच द्यायची. या रिवाजाचा अर्थ आत्यानं आपल्या पद्धतीनं लावला होता. “सरकार आपल्या घरी राहाले आलं,” ती म्हणायची, “त्याचा मान ठेवाले पायजे. सरकारच्या अंगावरून भाजीची टोपली नेऊ नये.” म्हणून तिनं परछीचे, म्हणजे ओसरीचे, दोन भाग केले. मधोमध छुहीनं, ज्या पांढऱ्या मातीनं तिकडे भिंती सारवतात तिनं, एक रेघ ओढली. ती रेघ दर सोमवारी सकाळी नव्यानं ओढली जाई. रेघेच्या आत खुर्ची, टेबल, तराजू, शिक्के आणि थैली. रेघेबाहेर बाक, बायका, पोरं, कोंबड्या आणि आम्ही नातेवाईक. रेघेच्या आत बसलेली बाई कोणाची कोणी नव्हती. बाहेर आली की सगळ्यांची होती.

आत असताना तिची भाषाही बदलायची. बाहेर ‘मले-तुले’ करणारी आत्या आत गेली की पाठ्यपुस्तकातलं मराठी आणि आकाशवाणीवरचं हिंदी बोलायची. एकदा आत बसलेली असताना स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला. खुर्चीवरून उठून जाणं शक्य नव्हतं आणि ‘अहो, दूध पाहा’ म्हणणं तर त्याहून नाही. तिनं मान किंचित वळवली आणि दाराकडे पाहत म्हणाली, “घर में कोई है? कृपया दूध की ओर ध्यान दीजिए।” फुफाजी आतून म्हणाले, “जी मॅडम.”

फुफाजींचं खातं याच डाकघरात होतं. निवृत्तीनंतर एकदा ते पैसे काढायला रांगेत उभे राहिले. रांग स्वतःच्याच परछीत, स्वतःच्याच बाकाजवळ. नंबर आला. आत्यानं त्यांची सही पाहिली, जुनी सही पाहिली आणि कागद परत केला.

“सही जुळत नाही. उद्या या.”

“बाई, हात कापून राहिला. थंडी आहे.”

“थंडी गेल्यावर या.”

फुफाजी रेघेपासून दोन पावलं मागं सरले आणि घरात गेले. संध्याकाळी मी तिथंच जेवायला होतो. ताटावर बसल्यावर फुफाजी आत्याला म्हणाले, “तुमच्या गावची ती पोस्टाची बाई लय कडक आहे बापा. माणसाची परिस्थिती पाहत नाही.”

आत्यानं त्यांच्या भाकरीवर तूप सोडलं. “हो न,” ती कळवळून म्हणाली, “मीबी ऐकलं तसंच. तुम्ही उद्या शेकोटीजवळ बसून हात गरम करा, मग जा.”

दोघांपैकी कोणीही हसलं नाही. मला मात्र ठसका लागला आणि पाणी देताना आत्यानं पाठीवर मारलेली थाप नेहमीपेक्षा जरा जास्त जोराची होती.

रोज सकाळी मंगलू नावाचा सायकलवाला तिच्याकडून टपालाची थैली घेऊन मोठ्या डाकघरात जायचा. नियम असा, की आत काही असो नसो, थैली बंद करून, लाखेचं सील लावून गेलीच पाहिजे. रिकामी थैली सीलबंद करताना आत्याचा चेहरा असा व्हायचा, जसा पाहुण्याला उपाशी परत पाठवताना होतो. म्हणून राखीला ती आमच्या बाबांना राखी टपालानंच पाठवायची. राखी आदल्या दिवशी यायची, आणि दुसऱ्या दिवशी बसनं मागोमाग ती स्वतः यायची आणि तीच राखी पाकिटातून काढून बाबांच्या हाताला बांधायची. बाबा म्हणायचे, “सिंधू, एकाच गाडीनं दोघी आल्या असत्या न.” ती म्हणायची, “तिचा मान वेगळा, माझा वेगळा.”

एकदा वरून विचारणा आली की बोइरडीहचं टपाल फार कमी का. गावातले काही उत्साही तरुण आले आणि म्हणाले, दाई, आम्ही रोज एकमेकांना ढीगभर कार्डं टाकतो, साहेब लोक बघत बसतील. आत्यानं त्यांना रेघेबाहेर बाकावर बसवलं, स्वतः बाहेर आली आणि म्हणाली, “काही सांगाचं असंन तर लिहा. नाहीतर मंगलूच्या टांगा काहून तोडता?” मग तिनं दुसरंच सुरू केलं. रस्त्यात दिसेल त्याला ती आठवण द्यायची. तुझ्या बहिणीला पोरगी झाली, तू लुगडं पाठवलंस, दोन ओळी कोण लिहील? तुझा भाऊ तिकडे सिलतऱ्याच्या कारखान्यात असतो, त्याला घरी ये म्हणून लिहिलंस का? अशानं लोक खरोखरच लिहायला लागले. काहींना तर लिहायला लागल्यावर कळलं की आपण दहा वर्षं भावाशी भांडून बसलो आहोत. थैली जड झाली आणि मंगलूनं सायकलला नवं टायर घातलं.

मग छत्तीसगढ राज्य वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झालं. आमच्या घरात याचा पहिला परिणाम म्हणजे मला एका कार्यालयात नोकरी लागली आणि नातेवाइकांना वाटू लागलं की राज्य मीच चालवतो. माझी ओळख कँटीनच्या पोऱ्यापलीकडे नव्हती, पण आत्या गावात सांगायची, “आमचा दिल्या राजधानीत आहे.” काही वर्षांनी राजधानीलाही रायपूर पुरेना. शहराच्या कडेच्या तेलीबांध्यापासून पुढं, शेतांमधून, नवी राजधानी उठू लागली. रुंद रस्ते, त्यांच्या मधोमध फुलझाडं, आणि दोन्ही बाजूंना अजून न आलेल्या माणसांसाठी लावलेले दिवे.

त्यातला एक रस्ता बोइरडीहच्या कडेनं गेला. जाताना त्यानं आत्याच्या घराची परछी मागितली. मागची खोली आणि स्वयंपाकघर राहणार होतं. रेघ, बाक आणि खुर्चीची जागा जाणार होती. त्याच सुमारास आत्याची नोकरीही संपत आली होती. डाक खात्याचं पत्र आलं ते सरळ होतं. जागा राहत नाही, माणूस राहत नाही. गावानं दुसरी चालण्याजोगी खोली आणि ती सांभाळणारा माणूस दाखवला तर ठीक, नाहीतर बोइरडीहचं काम नव्या वस्तीतल्या डाकघरात जाईल. तपासणीला निरीक्षक येणार होते.

नवं डाकघर नकाशात जवळच होतं. नकाशावरच्या त्या बोटभर अंतरात सहा पदरी रस्ता होता आणि तो ओलांडायला लांब जाऊन वळून यावं लागायचं. पेन्शनसाठी येणाऱ्या म्हाताऱ्यांना ते जमणार नव्हतं. त्यांनी ते मोठ्यानं म्हटलंही नाही. त्या फक्त आत्याच्या बाकावर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसून राहू लागल्या.

मी राजधानीतला माणूस असल्यामुळे काहीतरी करणं माझ्यावर होतं. मी एक लांबलचक अर्ज लिहिला. ‘सविनय निवेदन’पासून ‘भवदीय’पर्यंत त्यात काही कमी नव्हतं. तो मी स्वतः जाऊन, विचारत विचारत, योग्य टेबलावर नेऊन दिला आणि मोठ्या अभिमानानं आत्याला सांगितलं.

“हातानं नेऊन दिला?” आत्या म्हणाली.

“हो. सरळ टेबलावर.”

“टपालानं काहून नाही टाकला?”

त्यानंतर जेवण होईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. फुफाजींनी मला डोळ्यांनीच, गप्प बस, वाढेल ते खा, असं सांगितलं. अर्जाचं पुढं काय झालं ते विचारू नका. मीही कोणाला विचारलं नाही.

आत्यानं मग स्वतः चप्पल घातली. गावात चार पारे होते, म्हणजे चार वस्त्या. रोज दुपारी काम संपल्यावर ती एकेका पाऱ्यात गेली. मोठ्या पाऱ्यात गौंटियाकडे, म्हणजे गावच्या जुन्या मालगुजाराकडे. शाळेजवळच्या पाऱ्यात हेडमास्तरणीकडे. रस्त्याकडेच्या पाऱ्यात किराणा दुकानदाराकडे. आणि तळ्यापलीकडच्या पाऱ्यात फुलकुंवर नावाच्या एका सुनेकडे, जी बारावी झाली होती आणि जिचा नवरा सिलतऱ्याला कारखान्यात होता. सगळ्यांना तिनं एकच विचारलं, एक खोली देता का, आणि बसाल का.

इथं तिच्याकडून जी चूक झाली ती फक्त टपालातलंच माणूस करू शकतं. एका पत्त्यावरची गोष्ट दुसऱ्या पत्त्यावर सांगायची नाही, ही तिच्या हाडात मुरलेली सवय. गौंटिया ‘हव’, म्हणजे हो, म्हणाला हे तिनं दुकानदाराला सांगितलं नाही. दुकानदार ‘हव’ म्हणाला हे फुलकुंवरला सांगितलं नाही. मी विचारलं, “आत्या, मिळाली का खोली?” तर मलाही सांगितलं नाही. म्हणाली, “पाहू.”

तपासणीच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्कूटरवर निघालो. बोइरडीहच्या वेशीपाशी निरीक्षक साहेब मोटरसायकल थांबवून उभे होते. बारीकसे, सभ्य, हेल्मेटखाली घाम पुसणारे गृहस्थ. त्यांच्यासमोर झाडाला नवीन पाटी होती, ‘डाकघर’, आणि बाण उजवीकडे. त्याच झाडाला पलीकडून दुसरी पाटी होती, ‘डाकघर’, आणि बाण डावीकडे.

“भाईसाहब,” ते मला म्हणाले, “मैं एक बंद करने आया था. यहाँ तो खुलते जा रहे हैं.”

आम्ही उजवीकडे गेलो. गौंटियाची बैठक. दाराला आंब्याची पानं, आत मखमली सोफा, भिंतीवर वाघाचं कातडं काढून तिथं ‘डाकघर’ लिहिलेलं. चांदीच्या मुठीची काठी घेऊन गौंटिया उभा होता. साहेबांना नारळ मिळाला. मग शाळेजवळ गेलो. तिथं पाटीभोवती मुलांनी सूर्यफुलं काढली होती, आणि साहेबांना पुन्हा नारळ. मग दुकान, तिथं बिस्किटांची पाकिटं सरकवून टेबल लावलेलं आणि नारळाऐवजी थंड बाटली, तीही दुकानदारानं स्वतःच्या हातानं उघडलेली. प्रत्येक ठिकाणाहून आमच्यामागं त्या त्या पाऱ्यातले लोक चालू लागले, आणि दुसऱ्या पाऱ्याची पाटी दिसली की थांबून एकमेकांकडे बघू लागले. गावाला त्या क्षणी कळलं की आपल्या गावात तीन डाकघरं झाली आहेत, आणि तळ्याकडे बाण असलेलं चौथं अजून पाहायचंच आहे.

गुडीवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर, सगळे जमले. आत्या तिथं आधीच येऊन बसली होती. तिची लाकडी खुर्ची मंगलूनं डोक्यावर घेऊन आणली होती.

“हमर पारा म होही,” गौंटिया म्हणाला. आमच्याच पाऱ्यात होईल.

“तुंहर पारा म तो बइला घलो नइ रुकय,” शाळेकडचा एक म्हणाला. बैलसुद्धा थांबत नाही म्हणे.

दुकानदार म्हणाला, बैल थांबत नसेल, पण गिऱ्हाईक माझ्याकडे थांबतं. त्यावर कोणीतरी म्हणालं, थांबतं कारण सुटे पैसे परत मिळायची वाट पाहतं. हशा झाला, पण तो हशा चांगला नव्हता. जुनी भांडणं, तळ्याच्या पाण्याची, कुंपणाची, एका लग्नात आधी कोणाला वाढलं याची, एकेक करून चौथऱ्यावर चढू लागली.

साहेबांनी हातातले नारळ खाली ठेवले. आवाज न चढवता म्हणाले, “देखिए, मुझे एक जगह लिखनी है. आप लोगों में झगड़ा है तो मैं लिख दूँगा, झगड़ा है. फिर जो होना है वो होगा.”

जे होणार होतं ते सगळ्यांना माहीत होतं. पेन्शनच्या म्हाताऱ्या एका कोपऱ्यात पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या, त्यातली एक आत्याला म्हणाली, “दाई, तैं काला कहे रहे?” तू कोणाला सांगितलं होतंस?

“सब ला,” आत्या म्हणाली. सगळ्यांना. मग माझ्याकडे वळून, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात, “मले वाटलं एकबी हो म्हणणार नाही.”

तिचं तोंड मी तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. परक्या गावात इतकी वर्षं राहून तिला वाटलं होतं की एक खोली मागितली तर मिळणार नाही. आणि गावानं तिला चार दिल्या होत्या, नारळासकट. आता त्या चारांमुळेच सगळं जाणार होतं.

आत्यानं चष्मा घातला. मी ओळखलं, आता ती आमच्यातली राहिली नाही.

“गौंटियाजी,” तिनं आकाशवाणीवरच्या हिंदीत विचारलं, “आपने कमरे में रेखा कहाँ खींची है?”

“रेखा?” गौंटिया म्हणाला. “रेखा काबर? सब अपने आदमी हैं.” रेघ कशाला, म्हणे.

“आपने?” तिनं हेडमास्तरणीला विचारलं. हेडमास्तरणी म्हणाली, शाळेत मुलांना रेघेत उभं करते तेवढं पुरे आहे. दुकानदारानं तर प्रश्नच झटकला. दुकानात रेघ ओढली तर गिऱ्हाईक शेजारी जाईल म्हणाला.

तेव्हा मागून एक म्हातारा करवादला. फुलकुंवरचा सासरा, तळ्यापलीकडचा. “हमर घर म हे रेखा,” तो म्हणाला. “बिहनिया ले मोला बाहिर खड़े करे हे.” आमच्या घरी आहे रेघ, सकाळपासून मला बाहेर उभं करून ठेवलंय. “मैं कहेंव, बहू, मोर घर ये. कहिथे, बबा, पहिली लाइन म लगव.” मी म्हटलं, सूनबाई, घर माझं आहे, तर म्हणते, बाबा, आधी रांगेत उभे राहा.

आता जो हशा झाला तो वेगळा होता. त्यात चारी पारे होते. सासरा आणखी चिडला आणि सांगत सुटला की चहासुद्धा रेघेबाहेर मिळाला.

सगळा गाव तळ्यापलीकडे निघाला. खोली लहान होती. भिंती नुकत्या छुहीनं सारवलेल्या, एक टेबल, एक स्टूल, आणि जमिनीवर, अजून पुरती न वाळलेली, पांढरी रेघ. आत फुलकुंवर डोक्यावर पदर घेऊन बसली होती. तिला बाहेरच्या भांडणाचा पत्ता नव्हता. दाई खोली मागून गेली, बाकी सगळं तिनं दाईच्या परछीत पाहिलं तसं केलं होतं आणि वाट पाहत होती.

साहेब खोली पाहायला आत शिरले. त्यांचा बूट रेघेवर पडणार, तोच ती म्हणाली, “साहब, लाइन के ओ पार.”

तिचा आवाज थरथरत होता, आणि आवाज थरथरत असूनही तिनं ते म्हटलं होतं. साहेबांचं पाऊल हवेतच राहिलं. त्यांनी ते मागं घेतलं, रेघेबाहेर उभे राहिले आणि हेल्मेट काढून हातात धरलं.

“आपका काम?” फुलकुंवर म्हणाली.

साहेबांना काम सुचेना. मग म्हणाले, “कुछ नहीं. देखने आया था.”

“तो बाजू म खड़े हो जाइए. अगला.”

मी भिंतीला टेकलो. मला तो चिवड्याचा डबा आठवला.

पुढचं कोणी येईना. गावाची मान गौंटियाकडे वळली. गौंटिया हा जन्मात कोणत्याही रांगेत उभा न राहिलेला माणूस. रेशन त्याच्या घरी यायचं, मतदानाचा अधिकारी त्याच्या घरी चहाला यायचा. त्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आत्याकडे पाहिलं. आत्या त्याच्याकडे पाहत नव्हती. ती चष्मा पुसत होती.

“खाता तो मोर घलो हे,” खातं तर माझंही आहे, असं गौंटिया कोणाला उद्देशून न बोलता म्हणाला, आणि रेघेसमोर जाऊन उभा राहिला. त्याच्यामागं दुकानदार. त्याच्यामागं हेडमास्तरणी. मग म्हाताऱ्या, मग सगळे. रांग दारातून बाहेर, आंगणातून, तळ्याच्या काठानं गेली. कोणाचंच काही काम नव्हतं. सासरा सकाळपासून उभा असूनही रांगेत शेवटी गेला, आणि जाताना म्हणाला की या घरात म्हाताऱ्याची काही किंमतच नाही.

साहेबांनी तिथंच, भिंतीला कागद लावून, लिहायला घेतलं. जागा योग्य आहे. कार्यालय सुरू ठेवावं. तोवर तात्पुरती व्यवस्था, मग रीतसर अर्ज. फुलकुंवरनं पुढं अर्ज केला आणि दहावीच्या गुणांवर तिची नेमणूकही झाली, पण गावाच्या दृष्टीनं ती त्याच दुपारी झाली होती. साहेब निघताना त्यांच्या मोटरसायकलला नारळांची पिशवी लटकत होती आणि ते आपल्याशीच हसत होते.

त्या रात्री आत्याच्या घरी, जाऊ घातलेल्या परछीत, चारी पाऱ्यांतली माणसं जेवली. आत्यानं झुणका-भाकर आणि मिरचीचा ठेचा केला. गौंटिया ठेचा खाऊन रडला आणि ते डाकघरासाठी रडतोय असं त्यानं जाहीर केलं. फुफाजी म्हणाले, “चला, आता मले सही शिकाले नवीन बाई भेटली.”

परछी रस्त्यात गेली. पाट्या मात्र कोणी काढल्या नाहीत. नवखा माणूस अजूनही पाकीट घेऊन सूर्यफुलांच्या पाटीपाशी पोचतो, तिथं चहा पितो आणि मग त्याला तळ्यापलीकडे पाठवतात.

आत्याला मी शेवटचं पाहिलं ते राखीच्या आधी. तिला चालताना काठी लागायची. फुफाजी तेव्हा नव्हते, बाबाही नव्हते. राखी आता माझ्या नावानं यायची. ते राखीचं पाकीट टाकायला मी स्कूटरवर आत्याला घेऊन तळ्यापलीकडे गेलो. फुलकुंवरकडे गर्दी होती. मी सवयीनं, राजधानीतला माणूस म्हणून, पुढं घुसून म्हणणार होतो की या आमच्या आत्या, यांनीच हे... आत्यानं माझं कोपर धरलं आणि मागं ओढलं. रांगेत उभी राहिली. उन्हात, काठीवर भार टाकून, पदरानं वारा घेत. पुढच्या बाईनं जागा देऊ केली तर नको म्हणाली.

नंबर आला. फुलकुंवरच्या डोळ्यांवर आता चष्मा होता, रायपूरच्या गोल बाजारातून घेतलेला, आत्याच्या चष्म्यासारखाच जाड काड्यांचा. तिनं वर पाहिलं.

“आपका काम?”

“लिफाफा तौलना है,” आत्या म्हणाली.

फुलकुंवरनं पाकीट तराजूवर ठेवलं, पाहिलं. “टिकट कम है. एक और लगेगा.”

आत्यानं तिकीट घेतलं, स्पंजवर ओलं केलं, कोपऱ्याला नीट चिकटवलं, आणि पाकीट परत दिलं. शिक्का पडला.

“अगला,” फुलकुंवर म्हणाली.

आम्ही बाहेर तळ्याच्या काठी आलो. आत्या थांबली, दोन्ही हात काठीवर ठेवून तिनं एकदा त्या लहान खोलीकडे वळून पाहिलं, आणि तिचं सगळं तोंड उजळलं.

“पाह्यलं?” ती म्हणाली. “ओळखलंबी नाही तिनं मले.”